हितोमी किनुए

जपानच्या पश्चिम भागात, बेटांनी वेढलेल्या एका शांत समुद्राच्या काठी ओकायामा नावाचे शहर आहे. त्याच्या लगत पूर्वी फुकुहामा नावाचे एक लहानसे खेडे होते. तेथील शेतकरी भात पिकवीत आणि ज्याच्या चटया विणतात ते लव्हाळेही पिकवीत. अशाच एका शेतकऱ्याच्या घरी १ जानेवारी १९०७ रोजी किनुएचा जन्म झाला. जपानी लोक आडनाव आधी सांगतात व नाव मागाहून. त्या रीतीप्रमाणे तिचे पूर्ण नाव हितोमी किनुए.

गावातील शाळा संपल्यावर किनुए ओकायामा येथील मुलींच्या शाळेत जाऊ लागली. ही शाळा घरापासून बरीच लांब होती. ती रोज तेवढे अंतर पायी जाई व पायीच परत येई. तिला वाचनाची मोठी आवड होती. जपानी भाषेत ‘तान्का’ नावाचा पाच ओळींच्या कवितेचा एक जुना प्रकार आहे. तशा कविता ती रचीत असे. खेळांपैकी तिला प्रथम टेनिसची गोडी लागली. पुढे ती पाच फूट सात इंच उंच झाली. त्या काळच्या जपानी मुलींमध्ये एवढी उंची विरळाच. वर्गात ती सहज उठून दिसे आणि त्याबद्दल तिला पुष्कळ टोमणेही ऐकावे लागत.

१९२३ साली प्रांतातील मुलींचे मैदानी सामने भरले. किनुएला त्या वेळी बेरीबेरीचा विकार झाला होता. या विकारात पायांतील बळ कमी होते. तरीही ती लांब उडीसाठी मैदानात उतरली आणि ४.६७ मीटर उडी मारून पहिली आली. जपानमध्ये कोणत्याही मुलीने तोपर्यंत एवढी लांब उडी मारली नव्हती. मात्र मुलींच्या खेळांची नोंद ठेवण्याची नीट व्यवस्थाच त्या काळी नव्हती, त्यामुळे हा उच्चांक अधिकृत ठरला नाही. पुढेही तिच्या वाट्याला हे वारंवार आले. ती जे करून दाखवी, ते कोणत्या वहीत लिहावयाचे हेच कोणी ठरविलेले नसे.

शिक्षकांच्या सल्ल्यावरून १९२४ साली ती तोकियोला निकाइदो तोकुयो या विदुषींच्या व्यायामविद्यालयात दाखल झाली. निकाइदोबाई इंग्लंडमध्ये शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करून आल्या होत्या आणि दोनच वर्षांपूर्वी त्यांनी हे विद्यालय काढले होते. तेथील शिक्षण पुरे झाल्यावर किनुएने काही काळ क्योतोच्या एका कन्याशाळेत शिक्षिकेचे काम केले. १९२६ साली ती ओसाका येथील ‘माइनिची’ या मोठ्या वृत्तपत्रात बातमीदार म्हणून नोकरीस लागली. दिवसा लेखणी चालवावी आणि उरलेल्या वेळी मैदानावर धावावे, असा तिचा क्रम सुरू झाला.

येथे थोडे थांबून त्या काळच्या परिस्थितीकडे पाहिले पाहिजे. ऑलिंपिक सामने १८९६ साली पुन्हा सुरू झाले. परंतु धावणे, उड्या मारणे, फेकणे या मैदानी खेळांत स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. स्त्रीचे शरीर नाजूक असते, श्रमाने ते बिघडते, अशी समजूत मोठमोठ्या विद्वानांचीही होती. शेतात दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बायका याच विद्वानांना रोज दिसत असतील. पण त्यांच्याबद्दल अशी काळजी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. फ्रान्समधील श्रीमती ॲलिस मिलिया यांना हा अन्याय सहन झाला नाही. त्यांनी ऑलिंपिकच्या चालकांकडे मागणी केली. ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना उभारली आणि १९२२ साली पॅरिस येथे स्त्रियांचे निराळे ऑलिंपिक भरविले. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे १९२६ च्या ऑगस्टमध्ये असेच दुसरे सामने व्हावयाचे होते.

या सामन्यांस जपानकडून एकच खेळाडू गेली. ती म्हणजे हितोमी किनुए. त्या वेळी ती १९ वर्षांची होती. सायबेरियातून जाणाऱ्या आगगाडीने कित्येक दिवसांचा प्रवास करून ती युरोपात पोहोचली. सामन्यात भाग घेणाऱ्या मुलींत आशिया खंडातील ती एकटीच. लांब उडीत तिने ५.५० मीटरची उडी मारून जागतिक उच्चांक केला. जागेवरून मारावयाच्या लांब उडीतही ती पहिली आली, थाळीफेकीत दुसरी आणि शंभर यार्डांच्या शर्यतीत तिसरी. सर्व खेळाडूंमध्ये तिचेच गुण सर्वाधिक भरले आणि श्रीमती मिलिया यांच्या हस्ते तिचा खास गौरव झाला.

मायदेशी तिची कीर्ती झाली, पण कीर्तीबरोबर निंदाही आली. मुलीने उघड्या पायांनी हजारो लोकांसमोर धावावे हे पुष्कळांना रुचले नाही. एवढी उंच व एवढी चपळ व्यक्ती खरोखर स्त्री आहे काय, अशी हीन कुजबुजही झाली. किनुएला याचे दुःख होई. तरीही तिने सराव सोडला नाही. २० मे १९२८ रोजी ओसाका येथे तिने ५.९८ मीटर लांब उडी मारली. या वेळी मात्र वहीत नोंद झाली आणि ती पक्की झाली. स्त्रियांच्या लांब उडीचा हा जागतिक उच्चांक १९३९ सालापर्यंत कोणालाही मोडता आला नाही.

त्याच वर्षी हॉलंडमधील आम्स्टरडॅम शहरी ऑलिंपिक सामने भरले. आपल्या हॉकी संघाने आपले पहिले सुवर्णपदक मिळविले ते याच सामन्यांत. श्रीमती मिलिया यांच्या खटपटीला यश येऊन स्त्रियांना मैदानी खेळांत प्रथमच प्रवेश मिळाला. पण तो केवळ पाच प्रकारांपुरता. शंभर मीटर धावणे, आठशे मीटर धावणे, चौघींची टप्प्याटप्प्याची शर्यत, उंच उडी आणि थाळीफेक, एवढेच ते पाच प्रकार. इंग्लंडच्या मुलींनी तर एवढ्याशा तुकड्यावर समाधान मानावयाचे नाही म्हणून सामन्यांवर बहिष्कार टाकला. किनुएची लांब उडी त्या पाचांत नव्हती. ज्या खेळात जगात तिच्या बरोबरीची कोणी नव्हती, तोच खेळ तिच्यासाठी बंद होता.

तेव्हा तिची सारी भिस्त शंभर मीटरच्या शर्यतीवर होती. ३० जुलै रोजी पहिली फेरी तिने जिंकली; परंतु पुढच्या फेरीत ती चौथी आली आणि अंतिम शर्यतीतील तिची जागा गेली. जपानमधून ऑलिंपिकला आलेली ती पहिली आणि त्या वेळची एकमेव स्त्री. रिकाम्या हातांनी परत गेलो तर मुलींना पुन्हा कोणी परदेशी पाठविणार नाही, या विचाराने तिला रात्री झोप आली नाही. आठशे मीटरच्या शर्यतीसाठीही तिचे नाव नोंदविलेले होते; मात्र ते केवळ नावापुरते. एवढ्या अंतराची शर्यत ती पूर्वी कधीही धावली नव्हती. शंभर मीटर धावणाऱ्याने आठशे मीटर धावणे म्हणजे आंबराईतल्या माळ्याला एकाएकी गलबत हाकावयास सांगण्यासारखेच. श्वास कसा राखावा, वेग केव्हा वाढवावा, हे सारेच निराळे असते. पथकाच्या प्रमुखांनी प्रथम नकार दिला. तिने पुन्हा पुन्हा विनवणी केली, तेव्हा कोठे त्यांनी संमती दिली. १ ऑगस्टच्या प्राथमिक फेरीतून ती सावधपणे पार पडली.

२ ऑगस्ट १९२८ रोजी अंतिम शर्यत झाली. धावणाऱ्या मुली नऊ होत्या आणि मैदानाला दोन फेऱ्या घालावयाच्या होत्या. जर्मनीची लीना राड्के ही सर्वांत अनुभवी. तिचा पतीच तिचा शिक्षक होता आणि या अंतराचा तिने पद्धतशीर सराव केलेला होता. त्याच वर्षी तिने २ मिनिटे १९.६ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला होता. पहिल्या फेरीत किनुए इतरांना पुढे जाऊ देऊन मागे राहिली. दुसऱ्या फेरीत मात्र तिने एकेकीला गाठावयास सुरुवात केली. शेवटच्या वळणापर्यंत बहुतेक सर्वजणी मागे पडल्या आणि पुढे राड्के तेवढी उरली. किनुएचे पाय आता जड झाले होते, उचलता उचलेनात. तेव्हा तिने सारे बळ हातांत आणले; हात जोराने हलत राहिले आणि त्यांच्यामागून पाय पडत राहिले. अंतर कमी होत गेले, पण राड्केने रेषा आधी ओलांडली. राड्केचा वेळ २ मिनिटे १६.८ सेकंद, किनुएचा २ मिनिटे १७.६ सेकंद. दोघींत एका सेकंदाचेही अंतर नव्हते. तिसरी आलेली स्वीडनची इंगा गेंट्सेल हिला २ मिनिटे १८.८ सेकंद लागले. याचा अर्थ असा की, पहिल्या तिघींनीही जुना जागतिक उच्चांक मागे टाकला होता.

रेषा ओलांडल्यावर किनुए खाली कोसळली व काही वेळ तिची शुद्ध हरपली. ही गोष्ट लपविण्याचे काहीच कारण नाही. जे अंतर आयुष्यात कधी धावलो नाही, ते जगातील सर्वोत्तम धावपटूंच्या बरोबरीने धावल्यावर दुसरे काय होणार? थोड्याच वेळात ती उठली. त्याच दिवशी तिचा देशबांधव मिकिओ ओदा याने तिहेरी उडीत सुवर्णपदक मिळविले आणि जपानी पथकात आनंदीआनंद झाला.

परंतु दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे काही निराळेच सांगत होती. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने लिहिले की, नऊपैकी सहा मुली संपूर्ण थकून जमिनीवर कोसळल्या. दुसऱ्या एका नामांकित लेखकाने पुढे आणखी मजल मारली. त्याच्या लेखात धावणाऱ्या मुली अकरा होत्या. त्यांपैकी पाच जणींनी म्हणे शर्यत अर्धवट सोडली आणि पाच जणी रेषेपलीकडे बेशुद्ध पडल्या! लंडनच्या दैनिकांतही असाच सूर निघाला. अशा श्रमांनी स्त्रिया अकाली म्हाताऱ्या होतील, असा इशारा देण्यात आला.

प्रत्यक्षात काय घडले होते? मुली नऊच होत्या, अकरा नव्हत्या. नवांपैकी एकीनेही शर्यत सोडली नाही. सर्वजणींनी ती पूर्ण केली. या शर्यतीचे चलच्चित्र सुदैवाने टिकून राहिले आहे. त्यात रेषेपाशी एक मुलगी पडलेली दिसते. कोणी हिरवळीवर टेकल्या, कोणी धापा टाकीत राहिल्या, हे खरे. पण पुरुषांच्या कोणत्याही शर्यतीनंतर हेच दृश्य दिसते. याच ऑलिंपिकच्या इतिहासात वीस वर्षांपूर्वी, १९०८ साली, लंडन येथे डोरांडो पिएत्री नावाचा इटालियन धावपटू मॅरेथॉन शर्यतीच्या शेवटी अनेकदा पडला. अखेर लोकांनी त्याला हात देऊन रेषेपलीकडे नेले. त्यामुळे त्याला विजेता ठरविता आले नाही. पण साऱ्या जगाने त्याला वीर म्हटले आणि इंग्लंडच्या राणीने त्याला चषक दिला. मॅरेथॉन मात्र त्यामुळे बंद झाली नाही. पुरुष पडला तर ते शौर्य आणि स्त्री पडली तर ती दुर्बलता, असा हा न्याय होता.

चुकीच्या बातमीचे आयुष्य पुष्कळदा खऱ्या बातमीपेक्षा मोठे असते. नियम करणाऱ्या मंडळींना जे हवे होते ते या वृत्तांतांनी आयते मिळवून दिले. आठशे मीटरची शर्यत स्त्रियांसाठी बंद झाली. १९३२ च्या व १९३६ च्या सामन्यांत स्त्रियांची एकेकटीने धावावयाची सर्वांत लांब शर्यत शंभर मीटरचीच राहिली. १९४८ साली दोनशे मीटरची शर्यत आली. १९५२ साली हेलसिंकी येथे भारताकडून प्रथमच मुली ऑलिंपिकमध्ये धावल्या. त्यांत मुंबईची मेरी डिसूझा होती. तिलाही शंभर आणि दोनशे मीटरच धावता आले, कारण त्यापुढची शर्यत कोणत्याच देशाच्या मुलीला खुली नव्हती. आठशे मीटरची शर्यत परत आली ती १९६० साली, रोम येथे. मध्ये बत्तीस वर्षे गेली. त्या वर्षी रशियाच्या ल्युद्मिला शेव्हत्सोव्हाने ती २ मिनिटे ४.३ सेकंदांत जिंकली. राड्के आणि किनुए यांच्यानंतर लगेच हा मार्ग खुला राहिला असता, तर किती मुलींनी किती वेग गाठला असता याचा हिशेब आता कोण करणार?

किनुए जपानला परतली तेव्हा ती देशातील सर्वांना ठाऊक झाली होती. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली जपानी स्त्री. एखादीने एवढ्यावर समाधान मानले असते. किनुएच्या मनात मात्र गोटेनबर्गची आठवण होती. परक्या देशात, परक्या भाषेत एकटीने खेळणे काय असते हे तिने सोसले होते. पुढच्या वेळी आपल्याबरोबर इतर मुलीही याव्यात असे तिला वाटे. १९३० साली प्राग शहरी स्त्रियांचे तिसरे जागतिक सामने होते. पाच तरुण मुलींना बरोबर न्यावयाचे तिने ठरविले. पण खर्चाचे काय? किनुए गावोगाव हिंडली, शाळाशाळांतून बोलली, वृत्तपत्रात लिहिले. देशभरच्या शाळकरी मुलींनी आपल्या खाऊच्या पैशांतून लहान लहान नाणी पाठविली आणि त्या नाण्यांतून सहा जणींच्या प्रवासाची तजवीज झाली. बातमीदाराचे काम, व्याख्याने, मुलींना शिकविणे आणि स्वतःचा सराव, हे सारे एकाच वेळी चालू होते. विश्रांती हा शब्द तिच्या दिनक्रमात नव्हताच.

प्राग येथे किनुएने लांब उडीत पुन्हा पहिला क्रमांक मिळविला. तीन खेळांच्या संयुक्त स्पर्धेत ती दुसरी आली, साठ मीटर धावण्यात व भालाफेकीत तिसरी. केवळ सहा मुलींच्या जपानी संघाने गुणांच्या यादीत चौथे स्थान मिळविले. परंतु त्यानंतरही सुटका नव्हती. वॉर्सा, बर्लिन, ब्रसेल्स, पॅरिस असे सामने एकामागून एक ठरलेले होते. किनुएच्या अंगात ज्वर होता, तरी ती प्रत्येक ठिकाणी मैदानात उतरली. परतीच्या आगबोटीवर मायदेशाची वृत्तपत्रे तिच्या हाती आली. अपेक्षेइतके यश मिळाले नाही, असा नाराजीचा सूर त्यांत होता. स्वतः बातमीदार असलेल्या या मुलीला तो वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

नोव्हेंबरमध्ये ती घरी पोहोचली, ती आजारी अवस्थेतच. तरीही ज्या मुलींनी पैसे पाठविले होते त्यांचे आभार मानले पाहिजेत, म्हणून ती पुन्हा गावोगाव फिरू लागली. १९३१ च्या वसंतात तिच्या खोकल्यातून रक्त पडले. तिला ओसाकाच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. तिच्या मैत्रिणीने तिची मनापासून शुश्रूषा केली, पण फुप्फुसांचा विकार हटला नाही. २ ऑगस्ट १९३१ रोजी तिचे निधन झाले. आठशे मीटरच्या त्या शर्यतीला त्याच दिवशी बरोबर तीन वर्षे पूर्ण होत होती. तिचे वय अवघे २४ वर्षांचे होते.

टीकाकार पुन्हा पुढे सरसावले. खेळांनीच तिचा बळी घेतला, असे काहीजण म्हणू लागले. वास्तविक त्या काळी फुप्फुसांच्या रोगाने जपानात दरवर्षी असंख्य तरुण माणसे दगावत, आणि त्यांपैकी बहुतेकांनी कधी मैदानात पाऊलही टाकलेले नसे. किनुएला जर कशाने थकविले असेल, तर ते धावण्याने नव्हे. एका संपूर्ण पिढीच्या मुलींचा भार तिने एकटीच्या खांद्यावर घेतला होता. दूरच्या प्राग शहरातील लोकांनी मात्र तिची आठवण ठेवली. तेथील ओल्शानी दफनभूमीत त्यांनी या परदेशी मुलीचे स्मारक उभारले.

पुढे स्त्रियांच्या शर्यती हळूहळू लांबत गेल्या. १९७२ साली ऑलिंपिकमध्ये दीड हजार मीटरची शर्यत सुरू झाली आणि १९८४ साली ४२ किलोमीटरांहून अधिक अंतराची मॅरेथॉनही स्त्रियांना खुली झाली. किनुएनंतर धावणे, उड्या व फेकी यांत जपानच्या एकाही स्त्रीला ऑलिंपिक पदक मिळाले नव्हते. ते मिळाले १९९२ साली, बार्सिलोना येथील मॅरेथॉनमध्ये. युको आरिमोरी ही धावपटू दुसरी आली; पहिलीपेक्षा तिला केवळ आठ सेकंद अधिक लागले. ती ओकायामाचीच कन्या होती. बार्सिलोनात तेव्हा १ ऑगस्टची रात्र होती. ओकायामात २ ऑगस्टची पहाट होत होती.